पियानोतला बल्ब

प्रिय पियूष,

खोकला गेला का? प्रवासात थंड पाणी पिऊ नकोस. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर लागलं नाही तर माझ्या प्रज्ञाला फोन कर, ती वाचून सांगेल. पाकिटावर तिकिटं पुरेशी आहेत ना, ते पोस्टात दोनदा विचारलं.

पुढच्या शनिवारी तू पाहुण्यांना बंगल्यावर तुझी नवी रचना वाजवून दाखवणार, म्हणून सगळं झाडून घेतलंय. बोर्लीच्या मंडपवाल्याला चाळीस खुर्च्या सांगितल्यात. पाहुण्यांना मासे चालतात का, कळव.

तुझी रचना मी ऐकली. प्रज्ञा तळा गावच्या शाळेत शिकवते, ती मे महिन्यात घरी आली तेव्हा तिने मोबाइलवर लावली. नुसता पियानो, दुसरं वाद्य नाही. मला त्यातलं काय कळणार, पण दुसऱ्या ओळीला प्रज्ञा माझ्याकडे बघायला लागली. तिच्या आईची अंगाई होती ती. माझ्या भिमाबाईने स्वतः जुळवलेली. तुझी आई मुंबईला गेली की भिमाबाई तुलाही तीच म्हणून झोपवायची. तिसऱ्या ओळीत पियानो थांबतो. त्या थांबण्याची पेपरात फार स्तुती आलीय म्हणे, ओहोटीची शांतता आहे ती. अरे, भिमाबाई चुलीत फुंकर मारायला थांबायची. मांडीवर तू, पुढ्यात ओली लाकडं. तू तेवढंही सोडलं नाहीस, फक्त तिचं नाव सोडलंस. खाली लिहिलंस, हे मला समुद्राने दिलं.

मी फोन केला तर हसलास. म्हणालास, "भिकूकाका, अंगाई काय कुणाच्या मालकीची असते?" भिमाबाई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

तीस वर्षं बंगल्याची राखण केली. दर पावसाळ्यात पियानोच्या पोटात बल्ब लावून ठेवायचो, खारी ओल शिरू नये म्हणून. दिवसातून तीनदा जाऊन बघायचो, चालू आहे ना. यंदा जूनमध्ये तो बंद ठेवला. समुद्राकडची खिडकीही उघडी ठेवली. सवय काही गेली नाही. अजून तीनदा जातो, बंद आहे ना बघतो. काल बोटाने दाबून पाहिलं. मधल्या पट्ट्या खाली जातात त्या वर येत नाहीत. तारा गंजल्यात. मुंबईहून माणूस आणलास तरी शनिवारपर्यंत व्हायचं नाही. ती फुंकरीची जागा आता पियानोभर झालीय.

न सांगताही चाललं असतं. पण तू पाहुण्यांना सांगशील, समुद्राजवळ असंच होतं, खाऱ्या हवेने गेला. म्हणून हे पत्र. तिने केलेलं समुद्राच्या नावावर गेलं, मी केलेलं जाऊ देणार नाही. कुणी विचारलं तर सांग, भिकूने केलं.

बंगल्याची चावी पाकिटात घातली आहे. मिळाली की तेवढं कळव, नाहीतर मला घोर लागून राहतो.

तुला अंगाखांद्यावर खेळवणारा, तुझाच
भिकूकाका