काचेवरचा कागद

प्रिय भिंगरी,

माझा फोन येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मागच्या महिन्यात तू ओरडलीस, की बाबा, दिवसातून तीनदा ‘जेवलीस का’ विचारलंत की माझ्या घशाखाली काही उतरत नाही. आणि फोन ठेवलास. मी आधी रागावलो, मग घाबरलो, मग मुकाट्यानं कामावर गेलो. आमच्यासारख्यांना रडायलासुद्धा कामाची जागा बरी पडते. सापांसमोर डोळे पुसले तरी ते चारचौघांत सांगत फिरत नाहीत. म्हणून आता पत्र. नको वाटलं तर घडी घालून बाजूला ठेव, ते तुला परत परत हाका मारणार नाही.

आधी कामावरची बातमी. एका नर्सरीवाल्याकडे बाहेरून कुंड्यांची खोकी आली, त्यांतल्या पेंढ्यात सापाची दोन पिल्लं निघाली. बिनविषारी, पेन्सिलीएवढी, पाठीवर फिकट पट्टे. खोकी चार ठिकाणी चढत-उतरत आलेली, त्यामुळे बिचारी मूळची कुठल्या रानातली, कुणालाच सांगता येईना. मग सोडायची तरी कुठे? आली आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या सर्पविभागात. दोन काचेच्या पेट्या, दोन कार्डं. कार्डावर तारीख, वजन आणि खाल्लं की नाही, एवढंच लिहायचं असतं. थोरलं बारा ग्रॅमचं, धाकटं दहा. रानातून धरून आणलेलं पिल्लू सुरुवातीला तोंड उघडत नाही, हे अठ्ठावीस वर्षं या कामात घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण तीन आठवडे उलटले तरी दोन्ही कार्डांवर नुसती ‘नाही, नाही’ची रांग. उंदराची डोळेही न उघडलेली पिल्लं संध्याकाळी ठेवून जायचो, सकाळी ती तशीच.

आमच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या, पण कडक. त्यांनी दोन्ही पेट्यांना चारही बाजूंनी वर्तमानपत्राचा कागद लावायला सांगितला. आत अंग चेपून बसता येईल अशी लहानशी डबी ठेवायची, पाणी बदलायचं, आणि आठवडाभर तिकडे बघायचं नाही. गंमत म्हणजे नव्या लोकांना हेच मी शिकवतो. पण थोरल्याचं वजन नऊवर आलं आणि माझा जीव टांगणीला लागला. मी दोन्ही पेट्यांच्या कागदांना पेनानं एकेक भोक पाडलं. तासातासाला डोळा लावायचो. मग रोज थोरल्याचं वजन करायला लागलो, म्हणजे रोज त्याला डबीतून उपसून काट्यावर ठेवायचं. आणि एके दिवशी डॉक्टरीणबाई रजेवर असताना मी चिमट्यानं त्याचं तोंड उघडलं आणि घास आत सरकवला. कार्डावर ‘खाल्लं’ असं लिहिलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी घरी येताना मी शीळ घालत होतो. सकाळी पाहिलं तर घास बाहेर पडलेला, आणि पिल्लू पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळं घालून मेलेलं. डॉक्टरीणबाईंनी येऊन नुसती पेटी रिकामी केली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते ‘खाल्लं’ अजून कार्डावर तसंच आहे, मला खोडवलं नाही.

तुला आठवतं का, या घरात राहायला आलो तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. जुनी शाळा सुटली, शेजारची मैत्रीण सुटली, आणि दिवसभर घरभर गरगरणारी आमची भिंगरी जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. वरून चादर सोडलीस आणि तिथेच संसार थाटलास. ताटाला हात लावायची नाहीस. मी वाकून वाकून चादर उचलायचो, घास पुढे करायचो, विमान काय, चिऊकाऊ काय, सगळे खेळ केले. तू तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळायचीस. शेवटी तुझी आई मला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या. मी रागारागानं गेलो. तिनं ताट चादरीखालून आत सरकवलं आणि पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसली. मी परत आलो तेव्हा ताट बाहेर आलेलं होतं, अर्धं रिकामं. तू जेवलीस याचा आनंद व्हायचा सोडून, माझ्या हातून का नाही जेवलीस म्हणून मी दोन दिवस गाल फुगवून होतो. जित्याची खोड, दुसरं काय.

आता एक कबुली. जावईबापू ऑफिसातून निघाले आणि घरी पोचलेच नाहीत, वाटेतल्या अपघातात गेले, त्याला पाच महिने झाले. तू फोन ठेवलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या इमारतीसमोरच्या लाँड्रीबाहेरच्या बाकावर येऊन बसत होतो. कामावरून सुटलो की थेट तिथेच. लाँड्रीवाल्याला वाटलं, माझे कपडे हरवलेत. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाफ येते का, दिवा लागतो का, कचऱ्याची पिशवी बाहेर येते का, हे बघत बसायचो. अकराव्या दिवशी तू खिडकीत आलीस. मला बघितलंस आणि पडदा ओढून घेतलास. तुझी मनगटं काडीसारखी झालीत गं. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, धाकट्याच्या पेटीपुढे उभा राहिलो, आणि त्याही कागदाला मी पाडलेलं भोक दिसलं. डिंक आणून त्यावर तुकडा चिकटवला. त्या दिवसापासून बाकावर बसलेलो नाही. साप म्हटलं म्हणून रागावू नकोस, तुझ्या बापाला दुसरं येतं काय?

धाकट्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे पोर रानात पाली खात असणार. भूक आहे, पण आपण पुढे ठेवतो ते अन्न आहे, हे त्याला ओळखू येत नाही. मग पालीची गळून पडलेली शेपूट शोधून आणली, ती उंदराच्या पिल्लावर घासली, डबीच्या तोंडाशी ठेवली आणि मी दाराला कुलूप लावून निघून आलो. तीन दिवस काही नाही. चौथ्या सकाळी उंदराचं पिल्लू जागेवर नव्हतं. वजन केलं नाही, डबीत डोकावलो नाही, कार्डावर बारीक अक्षरात ‘खाल्लं’ लिहिलं. त्यानंतर पुन्हा नऊ दिवस त्यानं काही घेतलेलं नाही. जगेल का, मला माहीत नाही.

तुझी आई गेली तेव्हा मला साधा कुकर लावता येत नव्हता. जावईबापूंनी रविवारी येऊन मला शिकवलं, आणि तुझ्या आवडीचं जे ते स्वतः करायचे, त्याची कृती एका कागदावर लिहून दिली. तो कागद काल सापडला. खाली लिहिलंय, ‘मीठ शेवटी. आणि बाबा, सारखं झाकण उघडून बघू नका, शिजत नाही.’ आज पहाटे तसंच केलं, अगदी त्यांच्या मापानं. झाकण एकदाही उघडलं नाही. डबा तुझ्या दाराच्या कडीला अडकवलाय, हे पत्र त्याच पिशवीत आहे. त्या वासानं तुला रडू येईल, कदाचित डबा उघडवणारही नाही. नाही तर नाही. मी बेल वाजवलेली नाही, बाकावरही नाही, हवं तर पडदा सारून बघ. गुरुवारी पिशवी न्यायला येईन, दाराबाहेर ठेव. डबा धुवू नकोस. रिकामा आहे की भरलेला, हे मी हातानं तोलून बघणार नाही, आणि तुला कधी विचारणारही नाही. शुक्रवारी दुसरा आणीन.

तुझाच,
बाबा