रविवारच्या गेमच्या बातम्या

४ जानेवारी, रविवार
राजवर्धनचा बेंगलोरहून फोन. आला आणि गेला! "आप्पा, बरं हाय का?" "बरं हाय." "ऊस गेला का?" "न्हाई अजून." मग दोघंबी गप्प. पोटच्या पोराशी बोलायचं काय, हेच सुचत न्हाई. त्याची आय मंगल होती तवा फोन तिच्याच कानाला असायचा. मी आपला पलंगावरनं "सुट्टी कवा हाय, विचार" म्हणायचो. ती गेल्यापासनं फोन माझ्याकडं आला, पण बोलणं काय आलं न्हाई.

११ जानेवारी, रविवार
आज गंमतच झाली. बोलायला काय सापडंना म्हणून म्हणालो — त्या तलवारीच्या व्हिडिओ गेमवर पिक्चर येणार म्हणं. मोबाईलवर दिसलं होतं. गडी एकदम खुलला! "व्हय आप्पा! कॉलेजात लय खेळायचो आमी." चहा निवला तरी बोलतच होता. शेवटी म्हणाला, "साताऱ्यात लागला की दोघं जाऊ."

१४ जानेवारी
संक्रांत. चंद्राबाई शेजारनं तिळगूळ देऊन गेल्या. बाकी कोण न्हाई. दिवसभर मोबाईलवर गेमच्या बातम्या बघितल्या. सगळ्या हिंदीत. पलटणीत हिंदी शिकलो ते असं कामाला आलं!

१ फेब्रुवारी, रविवार
आज बातमी पाठ करूनच बसलो होतो. टीव्हीला जोडून खेळायचा डबा असतो — कन्सोल म्हणत्यात. एका कंपनीचे खेळ फक्त तिच्याच डब्यावर चालायचे. आता ती दुसऱ्यांच्या डब्यावरबी विकणार. मी म्हणालो, "म्हणजे आपल्या मिलिटरी कॅन्टीनसारखं की रं! तिथला माल त्याच भावात बाजारात मिळाया लागला, तर रहिमतपुरातनं साताऱ्याला रांगेत उभं राहायला कोण जाईल?"

हसला की! खो खो हसला. कवा ऐकलं होतं असलं हसणं, आठवत न्हाई. मग म्हणाला, डब्यात कंपनीला काय सुटत न्हाई, खरी कमाई खेळांची. मी म्हणालो, मग डबा करायचाच कशाला? मस्त वाद घातला. फोन ठेवला आणि घर परत सुनं सुनं.

८ फेब्रुवारी, रविवार
फोन न्हाई. "मीटिंग हाय" असा मेसेज. बातमी तयार होती, वाया गेली. दूध-भाकरी कुस्करून खाल्ली.

१ मार्च, रविवार
पिक्चर लागला. त्याला सुट्टी न्हाई. एकटाच एसटीनं साताऱ्याला गेलो. सगळी पोरंटोरं, शिट्ट्या, आरडाओरडा! कोण कुणाला मारतंय, का मारतंय, काय पत्ता लागंना. लय एकटं वाटलं. फोनवर मात्र म्हणालो, "झकास हाय, गड्या!"

२० मार्च
यात्रेला राजवर्धन आणि सूनबाई येणार! दरवेळी आला की दुसऱ्या दिवशी पिशवी भरतो. औंदा डबाच घेऊन ठेवतो. खेळत बसला तर चार दिवस राहील तरी. कॅन्टीनात विचारलं, न्हाई मिळाला. बाजारातनंच घेतला. नानासो, माझा चुलतभाऊ, म्हणतो, "म्हातारपणी ह्ये काय खूळ?" खूळ तर खूळ!

११ एप्रिल, शनिवार
आले! डबा पुढ्यात ठेवला. राजवर्धननं खोकं उघडलं. मग वायर घेऊन टीव्हीमागं वाकला, तर कुठं घालायची तेच कळंना! मलाबी कळंना. कशीतरी जोडली. बटणं चाचपत खेळात दोनदा मेला आणि ठेवून दिलं. "नवीन हाय ना आप्पा, सवय न्हाई." माझं तोंड उतरलं. चुकीचा आणला काय? जेवताना परत दोघंबी गप्प. उद्या दुपारच्या गाडीनं जायचं म्हणतोय. काय करू मी आता?

१२ एप्रिल, रविवार
सकाळी भाकरी थापता थापता सूनबाई, अंकिता, म्हणाली, "आप्पा, त्यांनी कॉलेज सुटल्यापासनं गेमला हात लावलेला न्हाई. दर रविवारी तुम्हाला फोन करायच्या आधी बातम्या बघत बसतात. म्हणतात, आप्पांना ह्याचा लय नाद हाय, त्यांच्याशी बोलायला काहीतरी पायजे."

बाहेर आलो. ओट्यावर बसून मोबाईलच बघत होता. म्हणालो, "ठेव रं त्यो. मलाबी त्यातलं काय आवडत न्हाई."

त्यानं मोबाईल खाली ठेवला. मग दोघंबी हसलो. हसता हसता त्याचे डोळे भरले. माझेबी. लय वेळ तिथंच बसलो, काय न बोलता. दुपारची गाडी गेली.