वाटणीतला रेडिओ

गेवराई,
१४ मे २००४

प्रिय शहादेव भाऊजी यांस,
सप्रेम नमस्कार.

भामाबाई आणि मुलं बरी असतील. इकडे टँकर एक दिवसाआड येतो, तोही अर्धा. दारातला कडुलिंब तेवढा हिरवा आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, वाईट बातमी पत्राच्या आरंभीच लिहावी. मला ते कधी जमलं नाही. म्हणून आधी रेडिओचं.

भामाबाईंनी आसारामच्या लग्नात साडीच्या खोक्यातून माझ्या हाती दिलेला तुमचा रेडिओ खाजामियाँने दुरुस्त केला. स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला होता. व्हॉल्व हैदराबादहून मागवावे लागले. त्याच्या दुकानात बॅटरीला जोडला, तर आधी नुसती गुणगुण. मग व्हॉल्व तापले आणि परभणी केंद्र लागलं. ओलिताच्या उसाला पाणी किती द्यावं, ते सांगत होते. खाजामियाँ म्हणाला, "भाभी, ह्याला दुष्काळाचं कुनी सांगितलं न्हाई वाटतं."

तुमचं नाव काढायचं नाही ही तुमची अट. खाजामियाँला तसं पढवून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात त्याने रेडिओ मामंजींच्या अँबेसेडरमध्ये बसवला. डॅशबोर्डमधलं ते भोक पाहून मला नेहमी पडलेल्या दाताची आठवण व्हायची. कारखान्याच्या निवडणुकीत तुम्ही सख्खे भाऊ समोरासमोरच्या पॅनलमधून उभे राहिलात, आणि पुढे वाटणीत पंचांनी गाडी थोरल्याला अन् तिच्यातला रेडिओ धाकट्याला दिला. अशी वाटणी मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. आता त्या कारखान्याचं धुराडंच थंड आहे. ऊस नाही, माणसं नाहीत. म्हणून यांचा सगळा जीव गाडीत.

हे येऊन पुढच्या सीटवर बसले. "कुठून आणलास बे?"

"औरंगाबादचा जुना बाजार, साब."

यांनी बटणावर अंगठा फिरवला. "मग बाजारातल्या रेडिओला आमच्या शहादेवचे दात कसे बे? पाच वर्षांचा होता, गोळी समजून चावला होता. मीच मारलं होतं त्याला."

खाजामियाँ टायर बघू लागला. मी म्हटलं, "लावा तरी."

"ज्याच्या वाटणीचा हाय, त्यानं लावावा. मी हात लावणार न्हाई."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे गाडीत जाऊन बसतात. काच खाली, हात मांडीवर. रेडिओ बंद. मी अंगणातून पाहत राहते. मान कलली की धावत जाते. डुलकी असते. रागावतात माझ्यावर. पण मी पुन्हा धावते.

आता लिहितेच. यांच्या हृदयाच्या नळ्या बंद झाल्या आहेत. गुरुवारी औरंगाबादला ऑपरेशन आहे. रक्तातली साखर पाहता डॉक्टर खात्री देत नाहीत. तुम्हाला कळवू नये म्हणून यांनी माझ्याकडून शपथ घेतली. म्हणाले, "दुखणाईताला भेटायला येतात तसा तो यायचा असला, तर नको."

भाऊजी, तसे येऊ नका. तोंड पाडून, फळांची पिशवी घेऊन येऊ नका. रेडिओ परत मागायला आलो म्हणा. माझ्या वाटणीची वस्तू न विचारता कशी बसवली, म्हणून चारचौघांत भांडा. मी तुमची बाजू घेईन. बुधवारी सकाळी आम्ही याच गाडीने निघू, खाजामियाँ चालवणार आहे. त्याआधी तुम्ही दोघं एकदा मोठ्यानं बोललेलं मला ऐकायचं आहे.

पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून पत्र केजच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. तो तुमच्या युसूफ वडगावचाच आहे, घरी आणून देईन म्हणाला. त्याच्याजवळ उत्तर देऊ नका. निघा.

नवऱ्याची शपथ मोडलेली,
तुमची
इंदूवहिनी