चादरीचा सुटलेला कोपरा

मालवण, मंगळवार, ऑगस्ट १९८४. संध्याकाळ.

सुलभाला प्रॅक्टिकलमध्ये नापास करा म्हणे! का, तर तिने अंथरलेल्या चादरीचा एक कोपरा सुटलेला. मेट्रनबाईंचा हुकूम. पण नर्सिंगची मास्तरीण मी, गुण माझ्या हातात.

ती खाट अंथरत होती, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची मासे विकणारी म्हातारी कण्हली, "चेडवा, माका पेज भरव गो. माझो हात उचलना नाय." पोरीने चादर तशीच सोडली. चमच्याने पेज भरवत म्हणाली, "सावकाश गो आजी, पेज खंय पळान जाता?" म्हातारी चक्क हसली.

मेट्रनबाई कडाडल्या, "दया घरी दाखवायची! इथे शिस्त!"

मी म्हटलं, "मग पुढच्या वर्षी खाटांनाच प्रवेश देऊ, बाई. त्या कधी जागच्या हलत नाहीत."

जरा जास्त बोलले का? नाही. कोपरा मी दोन दिवसांत शिकवीन. त्या हाकेला धावणं कुठल्या पुस्तकातून शिकवू?

कोपऱ्याचे गुण कापले, तो सुटलाच होता. बाकीचे सगळे दिले, पास लिहिलं आणि सही ठोकली. माझी बदली करायची तर खुशाल करोत. मी अशा खाटेवर पडेन तेव्हा सुलभाच यावी. कोपरा माझा मी खोचून घेईन.