मसाज क्रीमचा डबा शोधू नको

रिंकू,

मी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाईक ललिताबाईले घेऊन चंद्रपूरले चामडीच्या डॉक्टरकडे जाऊन राह्यली. पार्लर आज उघडू नको. मसाज क्रीमचा डबा शोधू नको, डॉक्टरले दाखवाले तो मी सोबत नेला.

ललिताबाई सकाळी आली तं तिच्या गालाची चामडी कांद्याच्या पापुद्र्यावाणी पातळ झाली होती, आतल्या लाल नसा दिसत होत्या. मंग मी पार्लरातला कचऱ्याचा डबा पालथा केला. कापसाखाली गजकर्णाच्या मलमाच्या चार पिचकलेल्या ट्यूबा निघाल्या. शी! ते मलम लाली दाबते, पण चामडी खाऊन टाकते. अन् तू हे क्रीममंधी कालवून बायांच्या तोंडाले चोपडून राह्यली?

फेशियलच्या आधी कानामागं लावून पाहाचं, फेशियल झाल्यावर दुसऱ्या दिवशी उजेडात चेहरा पाहाचा, हे मीच तुले शिकवलं. तू आली तेव्हापासून दुसऱ्या दिवशी कोणाचाच चेहरा लाल दिसे नाई. मले वाटे, माह्या बहिणीच्या हाताले गुण आहे. साऱ्या घुग्घुसात सांगत फिरली मी.

आईले काही बोलू नको. वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे. जेवाच्या आधी हात धू. दोनदा धू.

अन् एक. त्याच डब्यातलं क्रीम दिवाळीपासून मी बी रोज लावून राह्यली, तुह्यासमोर बसून. परवा तूच म्हणाली, "ताई, काय चमक आली व तुह्या चेहऱ्यावर!"

जया