गोडं पाणी दाखवू नको

बाबा, कॉलेजात गेल्यापासून मी तुला ‘तुम्ही’ म्हणायला लागले आणि तुला ते कधीच रुचलं नाही. “मी काय तहसीलदार हाय काय?” असं विचारायचास. आज पुन्हा ‘तू’च म्हणते. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि परवा माझ्या प्रयोगशाळेत एका चंबूतलं पाणी गुलाबी झालं. बरोबरच्यांनी पेढे मागितले. मी डोकं दुखतंय म्हणून घरी आले, भात टाकला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. ते का, हे तुला सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही.

आपल्या चुलीमागच्या कोपऱ्यात ती चिनीमातीची बरणी असायची. मे महिन्यात मिठागराचं काम आटपलं की शेवटच्या वाफ्यातलं लाल, जाड पाणी तू तिच्यात भरून आणायचास आणि तोंड फडक्यानं गच्च बांधायचास. पावसाळाभर पत्रा गळायचा. आई घरभर भांडी मांडत फिरायची, आणि तू मात्र आधी बरणी सरकवायचास. मग दिवाळी उलटली, वाफ्याचा तळ सगळ्यांनी मिळून पायांनी चोपला, त्यात घेतलेलं खाडीचं पाणी आटून जड झालं, की तू बरणी खांद्यावर घेऊन बांधावरून जायचास आणि ते जुनं पाणी नव्या पाण्यात ओतायचास. “विरजण हाय ते. माझा बाबा पन घालायचा.” काही दिवसांनी वाफा लाल व्हायचा आणि तू म्हणायचास, आता मीठ येणार. आईला ती बरणी अजिबात खपायची नाही. खारवलेल्या मासळीवर लाल डाग पडले की ती तुझ्याकडेच बघायची. “तुझ्या बरनीतलं भूत माझ्या बांगड्यात शिरलंय,” म्हणायची, आणि तू गालात हसत भाकरी मोडायचास. भूत म्हण नाहीतर काही म्हण, आई बरोबर होती. तेच होतं ते.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मी त्या बरणीतलं शिशीभर पाणी कॉलेजला न्यायला मागितलं. तू भरून दिलंस, बूच दोनदा दाबून बघितलंस आणि म्हणालास, “बाय, त्याला गोडं पानी दाखवू नको. मरंल ते.” मी हो म्हटलं. कॉलेजात काचपट्टीवर थेंब ठेवला तर तो सुकून नुसते मिठाचे खडे दिसायला लागले. मला वाटलं, मीठ काढून टाकावं म्हणजे आतलं नीट दिसेल. म्हणून मी ते पाणी डिस्टिल्ड वॉटरनं धुतलं. एकदा नाही, तीनदा. चांगलं स्वच्छ काम करण्याची मला फार हौस. मायक्रोस्कोपखाली काही म्हणजे काही दिसलं नाही. तुझं बोलणं मला त्या वेळी आठवलंही होतं. पण मिठागरावरच्या माणसाचं बोलणं आणि प्रयोगाची वही यांत मी वही धरली.

त्या वर्षी तू बांधावर बरणीचं फडकं सोडत होतास आणि मी तिथेच उभी होते. मुकादम होता, वाफे चोपायला येणाऱ्या चार-पाच बायका होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “बाबा, मी तपासलंय ते. त्यात जिवंत काही नाही. नुसता गाळ आहे.” मुकादम हसला. “काय रं, इतकी वर्सं गाळ पाळत होतास?” तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू चिडशील. तू म्हणालास, “शिकली हाय ती. असंल खरं.” आणि बरणी बांधाच्या बाहेर उपडी केलीस. वाफा त्याही वर्षी लाल झाला, बरणीवाचून झाला, आणि तू घरी येऊन आईला सांगितलंस, “बाय बरोबर बोलली, न घालताच झालं.” पुढच्या पावसाळ्यात आईनं त्या बरणीत लोणचं घातलं. लोणचं चांगलं झालं होतं. मीही ते खायचे.

आता ऐक, मी वीस-बावीस वर्षं काय काम करते ते. मिठात बाकीचं मरतं म्हणून तर आपण मासळी खारवतो. मीठ पाणी ओढून घेतं आणि सडवणारे जीव सुकतात. तुझे लाल जीव वेगळे. बाहेर जेवढा खार, जवळजवळ तेवढाच ते आपल्या पोटात भरून ठेवतात, म्हणजे ओढाताणच राहत नाही. पण मग पोटातली कामं करणारी प्रथिनं, ज्यांना आम्ही एन्झाइम म्हणतो, तीही त्या खारात टिकायला हवीत. आपल्या शरीरातली बहुतेक एन्झाइम तिथे एकमेकांना चिकटून गोळा होतील. या जीवांच्या एन्झाइमांच्या अंगावर ऋण विद्युतभार दाटीनं असतो, त्याच्या जोरावर ती पाणी आणि खार स्वतःभोवती धरून ठेवतात आणि मोकळी राहतात. पण मीठ काढून घेतलंस की तेच भार एकमेकांना ढकलायला लागतात, प्रथिनाची घडी उसवते आणि ते निकामी होतं. पेशीचं तर विचारूच नको. आत सगळा खार आणि बाहेर गोडं पाणी, मग पाणी आत घुसतं आणि ती फुटते. मला काचेवर काही दिसलं नाही, कारण मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. वाफा न घालता लाल झाला, कारण खाडीच्या पाण्यातूनही ते थोडेथोडे येतातच. म्हणजे तुझ्या विरजणावाचून अडत नव्हतं, हे खरं. पण ते जिवंत होतं, आणि तू म्हणालास तसंच मरत होतं. दरवर्षी माझा एखादा विद्यार्थी तीच चूक करतो. मी त्याच्यावर ओरडत नाही.

एमएस्सीला मुंबईला निघाले तेव्हा तू फडक्यात बांधून जाडं मीठ दिलंस. “तिकडचं बारीक असतं, त्याला चव न्हाय.” मी ते कधी वापरलं नाही, पेटीत ठेवलं. मीठ धरताना खड्यात पाण्याचे बारीक थेंब अडकतात आणि त्यात हे जीव वर्षानुवर्षं तग धरतात. गेल्या महिन्यात त्यातले सात खडे मी खाऱ्या पाण्यात विरघळवले. या वेळी गोडं पाणी जवळही आणलं नाही. तीन आठवडे काही नाही, आणि परवा गुलाबी. त्यातलं थोडं मी घरी आणलंय, बरणीत, फडकं बांधून गॅसच्या मागच्या कोपऱ्यात. ओतायला वाफा नाही. आपल्या मिठागरावर आता कंटेनर उभे असतात.

हे पत्र पाठवायचं कुठे, ते बरणीखालीच राहील. मात्र एवढं लिहूनही खरी गोष्ट मी टाळलीच. तुला वाटेल, ही बिचारी पुढं कधीतरी शिकली, तोवर मी गेलो होतो. तसं नाही झालं. एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी त्या शिशीची गोष्ट ऐकून सरांनी विचारलं होतं, “कशानं धुतलंस?” मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग मारलेस की सगळे.” त्याच शनिवारी मी घरी आले होते. तू जेवायला बसताना विचारलंस, “काय नवीन शिकलीस गो ह्या टायमाला?” मी म्हणाले, “काही नाही, नेहमीचंच.” तू मान हलवलीस आणि तुझ्या ताटातला बांगडा माझ्या ताटात ठेवलास. त्यानंतर तू चार वर्षं होतास, बाबा.