धुऱ्याचा दगड

१९४६, मार्च

उकंडदादा,

तीर्थरूप लिहाले हात होत नाही, म्हणून नुसतं दादा.

लढाई सरली. आपल्या वावरात इमानं दोन वर्सं उतरली अन् गेली. आता सरकार आपली वावरं वापस देऊन राह्यलं. तहसीलदार म्हणते, धुरा दाखवा, हद्द दाखवा अन् वावर घ्या. कुठून दाखवू? धावपट्टीले गिट्टी कमी पडली, तवा ठेकेदारानं साऱ्याईच्या धुऱ्याचे दगड फोडले. पेरणीच्या आधी बाबा ज्याच्यासमोर नारळ फोडत, तो आपला दगडही त्याच गिट्टीत गेला.

तोच दगड तू दोन हात माह्या वावरात सरकवला होता. त्यापायी मायच्या तेरवीतही मी तुह्या पंगतीत बसलो नाही. दोन हातासाठी तू माह्या अंगावर धावला, अन् सरकारनं सारं वावर नेलं तवा गुपचूप सही करून सोनाळ्याले सासुरवाडीत जाऊन बसला.

सोमवारी मोजणी हाये. दोघा भावाईनं एकच जागा दाखवली तरच वावर भेटन. तो दगड कुठं होता, हे आता तुह्या-माह्याशिवाय कोणालेच माहीत नाही.

पत्र लिहून ठेवलं, पण डाकेत टाकणार नाही. दगड तू सरकवला होता. पहिले तू लिही.

तुह्या धुऱ्याले लागून असलेला,
निवृत्ती